क्रीडावृत्त की कोलाहल?

नवनगर आणि त्याच्या दोन बाजूंस पसरलेली हुबळी व धारवाड ही जुळी नगरे यांतून आमच्याकडे जो पत्रव्यवहार येतो, त्यात अलीकडे एक विषय वारंवार डोके वर काढू लागला आहे. पाणीपुरवठा, रस्त्यांवरील खड्डे आणि मोकाट जनावरे यांविषयीच्या तक्रारींची आम्हांस सवय आहे. परंतु आता लोक दूरचित्रवाणीवरील क्रीडावृत्तांविषयी लिहू लागले आहेत आणि तेही मोठ्या पोटतिडिकीने. ‘सामना पाहिला, पण सामन्यात काय झाले ते बातम्यांतून कळले नाही,’ हा या पत्रांचा समान सूर आहे. कोणी निवेदकांच्या आरडाओरड्याला कंटाळला आहे, कोणी जाहिरातींनी त्रासला आहे, तर कोणाला कुस्ती, खो-खो आणि हॉकी या खेळांची साधी दखलही घेतली जात नाही याची खंत आहे.

रिकाम्या वेळची ही कुरकुर आहे, तिच्यासाठी वृत्तपत्राचे अग्रस्थान कशाला खर्ची घालावे, असा प्रश्न काही गंभीर प्रकृतीचे वाचक विचारतील. त्यांना आमचे उत्तर असे की, आज या देशातील कोट्यवधी माणसे ज्या बातम्या आवडीने आणि विश्वासाने पाहतात त्यांत क्रीडावृत्ताचा वाटा फार मोठा आहे. ती बातमी खोटी, अर्धवट किंवा विकलेली असेल तर त्याची किंमत माणसे मोजतात. ४ जून २०२५ रोजी बंगळूरच्या चिन्नस्वामी मैदानाबाहेर ती ११ जणांनी प्राणांनी मोजली. त्या दिवसाविषयी पुढे लिहूच.

प्रथम नवनगरच्या प्रेक्षकाविषयी. हे उपनगर हुबळी आणि धारवाड यांच्या मधोमध वसले. १९६२ साली दोन्ही शहरांची एक महानगरपालिका झाली आणि आज ‘चिगरी’ बस दोहोंमध्ये धावताना इथे थांबतेच. या भागातील माणूस भाषेच्या बाबतीत मोठा उदार आहे. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि क्रिकेटच्या वादात दोन्ही भाषांची सरमिसळ, असा त्याचा व्यवहार असतो. मुंबई इलाख्याच्या काळापासून कोल्हापूर, बेळगाव, धारवाड हा सारा पट्टा तांबड्या मातीच्या आखाड्यांनी जोडलेला आहे. पैलवान सीमा मानीत नाही. मैदान ठरले की तो येतो. क्रिकेटचे म्हणाल तर शेजारच्या गदगच्या सुनील जोशी यांची गोष्ट इथल्या जुन्या माणसांना तोंडपाठ आहे. हा मुलगा शाळेची घंटा होण्यापूर्वी सरावासाठी गदगहून हुबळीस येऊन परत जात असे. पुढे १९९९ साली नैरोबी येथे दक्षिण आफ्रिकेविरुद्ध त्याने १० षटकांत ६ निर्धाव टाकून केवळ ६ धावांत ५ बळी घेतले. भारतीय फिरकी गोलंदाजीच्या इतिहासात असा दिवस क्वचितच उगवतो. तथापि, गदग ते हुबळी हा त्याचा प्रवास पडद्यावर किती जणांनी पाहिला? कॅमेरा नैरोबीला पोहोचतो, पण हुबळीच्या स्थानकावर उतरत नाही. कन्नड वाहिन्यांची दृष्टी बंगळूरवर खिळलेली असते, मराठी वाहिन्यांची मुंबई-पुण्यावर. मधला हा टापू दोघींच्याही नकाशात निवडणूक आणि महापूर यांखेरीज उमटत नाही.

याच मातीतल्या माणसाला कान आहे, हेही विसरता येत नाही. धारवाडला आकाशवाणीचे केंद्र ८ जानेवारी १९५० रोजी सुरू झाले. मल्लिकार्जुन मन्सूर आणि गंगूबाई हनगल यांच्यासारख्यांचे स्वर ऐकून तयार झालेला हा श्रोता मैफलीत कोणी मध्येच बोलले तर मान वळवून पाहतो. गवई आलापी करीत असताना कोणी ध्वनिक्षेपक हिसकावून ‘पाहा, पाहा, आता गंधार लागणार!’ असे ओरडू लागला तर त्याची काय गत होईल हे सांगण्याची आवश्यकता नाही. पण क्रिकेटच्या सामन्यात नेमके हेच चालते, आणि आपण ते मुकाट्याने ऐकून घेतो. चेंडू टाकण्यापूर्वीचा तो क्षणभराचा श्वास, प्रेक्षागृहातील ती शांतता, फलंदाजाची घालमेल या गोष्टी खेळाचा प्राण आहेत. दोन शब्दांमधली जागा मोकळी सोडण्याचे शिक्षण आपल्या समालोचकांना कोणी देत नाही.

बाळ ज. पंडित यांनी आकाशवाणीवरून मराठीतून क्रिकेटचे धावते समालोचन केले तेव्हा त्यांच्यापुढे अडचण उलट होती. श्रोत्याला काही दिसत नव्हते. शब्दांनीच सारे उभे करावयाचे होते. क्रिकेटची परिभाषा मराठीत रुळविण्याचे मोठे काम त्यातून झाले. दूरचित्रवाणीवर दिसते सगळेच, म्हणून तिथे शब्द कमी लागावेत. घडले ते विपरीत. शब्द दसपट झाले आणि माहिती दशांशावर आली.

या संदर्भात एक जुनी घटना मोठी बोलकी आहे. १८ जून १९८३ रोजी टनब्रिज वेल्स येथे झिंबाब्वेविरुद्ध भारताची स्थिती ५ बाद १७ अशी असताना कपिलदेव यांनी नाबाद १७५ धावा काढल्या. त्या डावाचे चित्रीकरण झाले नाही. बीबीसीच्या कर्मचाऱ्यांचा संप हे त्याचे कारण सांगितले जाते. एकही हलते चित्र उपलब्ध नसताना हा डाव आज चाळीस वर्षांहून अधिक काळ लोकांच्या मनात ताजा आहे, कारण जे मैदानावर हजर होते त्यांनी तो नीट पाहिला आणि नीट सांगितला. याउलट परवा पाहिलेल्या, वीस कोनांतून दाखविलेल्या आणि शंभर वेळा पुनरावृत्त केलेल्या खेळीची आठवण पुढच्या हंगामापर्यंतही टिकत नाही.

आमच्या पत्रलेखकांची मुख्य तक्रार मात्र प्रत्यक्ष प्रक्षेपणापेक्षा बातम्यांविषयी अधिक आहे, आणि तिच्या मुळाशी एक व्यावहारिक कारण आहे. सामन्याची दृश्ये ही आता मालमत्ता आहे. ज्या कंपनीने प्रक्षेपणाचे हक्क घेतले तिच्याखेरीज इतर वृत्तवाहिन्यांना ती दृश्ये अगदी मोजक्या प्रमाणात दाखविता येतात. अर्थात, अर्ध्या तासाच्या क्रीडावृत्तात खेळ असतो चिमूटभर आणि उरलेला वेळ कशाने तरी भरावा लागतो. मग स्थिरचित्रे फिरवून फिरवून दाखविली जातात, संगणकावर रचलेल्या ज्वाळा भडकतात, पाश्वसंगीत युद्धाचे वाजते आणि चार चौकटींत चार माणसे एकाच वेळी बोलू लागतात. त्यांतील एखादा माजी खेळाडू काही शिकण्यासारखे सांगू पाहतो, तोच सूत्रसंचालक त्याला थांबवितो. शांतपणे सांगितलेले ऐकायला प्रेक्षक थांबत नाही, असा या मंडळींचा सिद्धांत आहे. तो कशावर आधारलेला आहे? प्रेक्षकसंख्येच्या मोजमापावर. या मोजमापाचीच विश्वासार्हता एवढी डळमळली की ऑक्टोबर २०२० मध्ये वृत्तवाहिन्यांचे आकडे जाहीर करणे थांबवावे लागले आणि ते पुन्हा सुरू व्हावयास मार्च २०२२ उजाडला. त्या मधल्या काळात आकडे नव्हते. आरडाओरडा मात्र तेवढाच होता. तेव्हा दोष सगळाच आकड्यांचा नाही. ती सवय झाली आहे.

एक ताजे उदाहरण घेऊ. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथे महाराष्ट्र केसरी स्पर्धेच्या गादी विभागातील निर्णायक लढतीत पृथ्वीराज मोहोळ याने शिवराज राक्षे याला चीत केल्याचा निर्णय पंचांनी दिला. आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, असे राक्षे याचे म्हणणे. त्याने पंचाची कॉलर धरली आणि लाथ मारली. पुढे मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला. अंतिम लढत अर्धवट सोडणारा महेंद्र गायकवाड आणि राक्षे यांच्यावर तीन वर्षांची बंदी घालण्यात आली. पंचावर पाय उचलणे ही अक्षम्य गोष्ट आहे, त्याविषयी आमच्या मनात संदेह नाही. पण त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी वाहिन्यांनी काय दाखविले? ती लाथ. सकाळी लाथ, दुपारी लाथ, मंद गतीने लाथ, वर्तुळ काढून लाथ. धारवाडपासून कोल्हापूरपर्यंतच्या कुस्तीशौकिनांना हवे होते ते निराळेच. खांदे टेकले होते की नाही? पंच कोणत्या बाजूस उभा होता? दोन्ही खांदे किती काळ टेकलेले असले म्हणजे कुस्ती चीत धरतात? चित्रफीत पाहून निर्णय फिरविण्याची तरतूद त्या स्पर्धेत होती की नव्हती, आणि नसेल तर का नव्हती? या प्रश्नांची चर्चा तालमींत झाली, पारावर झाली, चहाच्या टपऱ्यांवर झाली. ती जिथे व्हावयास हवी होती तिथे पैलवानाच्या रागाचेच गुऱ्हाळ चालले. जो खेळ वर्षभर पडद्यावर येत नाही तो वर्षातून एकदा येतो तेव्हा गुन्हेवार्ता म्हणून येतो, ही या प्रकरणातली आम्हांस सर्वांत झोंबलेली गोष्ट.

इथे गावोगावच्या मैदानांवरील कुस्ती-निवेदकाची आठवण होणे अपरिहार्य आहे. हलगी कडाडत असते, तांबड्या मातीवर दोन पैलवान सलामी देत असतात आणि हा निवेदक त्यांची गावे, त्यांचे वस्ताद, मागच्या जत्रेत कोणाशी कुस्ती झाली आणि ती किती मिनिटांत निकाली लागली हे सारे बिनचूक सांगतो. ढाक लागली की ढाक म्हणतो, घिस्सा लागला की घिस्सा. एकलंगी आणि कलाजंग यांत तो गल्लत करीत नाही. पडलेल्या पैलवानाचा अपमान होईल असा शब्द त्याच्या तोंडून येत नाही, कारण तो पैलवान आणि त्याचे गाव समोर बसलेले असते. चुकले तर लोक तिथल्या तिथे कान पकडतात. वातानुकूलित खोलीत बसलेल्या आमच्या वृत्तनिवेदकाला ही जरब नाही. त्याने ढाकेला ‘जबरदस्त पकड’ म्हटले काय आणि खो-खोच्या खांबाला ‘पोल’ म्हटले काय, त्याला जाब विचारणारा कोणी समोर नाही. म्हणूनच की काय, अलीकडे मैदानी कुस्त्या गावातली पोरेच भ्रमणध्वनीवरून यूट्यूबवर प्रक्षेपित करतात आणि त्या बघणारांत नवनगरचेही शौकीन असतात. चित्र हलते, आवाज फाटतो. पण डाव कळतो.

खेळाचा नियम समजावून सांगणे ही गोष्ट आमच्या वाहिन्यांनी जवळजवळ वर्ज्य केली आहे. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ७ ऑगस्ट २०२४ रोजी विनेश फोगाट हिचे वजन ५० किलोच्या मर्यादेहून १०० ग्रॅम अधिक भरले आणि अंतिम लढतीच्या दिवशीच ती अपात्र ठरली. साऱ्या देशाला हळहळ वाटली. त्या दिवशी पडद्यावर कटकारस्थानांच्या कथा रंगल्या, राजकीय पक्षांचे प्रवक्ते एकमेकांवर तुटून पडले. परंतु स्पर्धेच्या दोन्ही दिवशी वजन करावे लागते, दुसऱ्या दिवशीही मर्यादेत सूट नसते आणि वजनात न बसणाऱ्याचे आदल्या दिवशीचे विजयही त्याला पदक मिळवून देत नाहीत, एवढा साधा नियम प्रेक्षकाला ठळकपणे सांगण्यास पुष्कळ तास लागले. पैलवानांच्या घरांत मात्र तो नियम ठाऊकच होता; वजन उतरविण्यासाठी रात्रभर घाम गाळण्याचे हाल काय असतात हेही ठाऊक होते. त्याच स्पर्धेत १ ऑगस्ट रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळविले. खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळविल्यानंतर महाराष्ट्राच्या मातीतला हा दुसरा वैयक्तिक मान. आईच्या डोळ्यांतील पाणी दिसले, पेढे दिसले, गुलाल दिसला. गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून, अशा तीन स्थितींत नेम धरावयाचा म्हणजे काय आणि उभ्याने नेम धरणे सर्वांत कठीण का, हे समजून घेण्यासाठी आमच्या एका तरुण वाचकाला परदेशी संकेतस्थळे धुंडाळावी लागली, असे त्याने लिहिले आहे.

आणि क्रिकेट? तिथे तर वेळेची ददात नाही. २०२५ च्या सप्टेंबरात आशिया चषकात भारत आणि पाकिस्तान तीन वेळा समोरासमोर आले. हस्तांदोलन झाले नाही, चषक स्वीकारला गेला नाही, या बातम्या निश्चितच बातम्या होत्या. त्या देऊ नयेत असे आम्ही म्हणणार नाही. पण २८ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात कुलदीप यादव याने ३० धावांत ४ बळी घेतले आणि तिलक वर्मा याने नाबाद ६९ धावांची मोठ्या धीराची खेळी केली, तिचे रसग्रहण कोठे झाले? मनगटी फिरकी वाचता न आल्याने पाकिस्तानचा डाव कसा कोसळला हे ज्याला जाणून घ्यावयाचे होते त्याला रात्री उशिरापर्यंत हातांविषयीच ऐकावे लागले. मिळविलेल्या आणि न मिळविलेल्या.

आता जाहिरातींकडे वळू. षटक संपते न संपते तोच जाहिरात सुरू होते आणि पुढच्या षटकाचा पहिला चेंडू कधी कधी तिच्याखाली गाडला जातो. बळी गेला की बाद झालेला फलंदाज दिसण्याऐवजी रंगाचा डबा दिसतो. केबल दूरचित्रवाणीविषयक नियमांत ताशी १२ मिनिटांची मर्यादा पूर्वीपासून लिहिलेली आहे. २०१२ साली दूरसंचार नियामक प्राधिकरणाने याहून पुढे जाऊन, खेळाच्या थेट प्रक्षेपणात जाहिरात केवळ खेळ थांबलेला असतानाच दाखवावी आणि पडद्याचा तुकडा व्यापणाऱ्या जाहिराती नसाव्यात, अशी कलमे घातली होती. पुढच्याच वर्षी ती कलमे गळाली. गळाली म्हणजे काय झाले हे नवनगरच्या कोणत्याही घरात सामना लावून पाहावे.

पण वेळेपेक्षा वाईट गोष्ट म्हणजे या जाहिरातींतला माल. कित्येक वर्षे सट्ट्याच्या परदेशी संस्था ‘क्रीडावृत्त’ देणाऱ्या संकेतस्थळांचा बुरखा पांघरून खेळांच्या प्रक्षेपणात शिरत होत्या. नाव बातमीचे आणि धंदा जुगाराचा! २०२२ साली केंद्र सरकारच्या माहिती व नभोवाणी खात्याला वाहिन्यांना याविषयी दोन वेळा बजावावे लागले. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि भारतीय संघाच्या छातीवरचे एक नाव रातोरात उतरले. तोपर्यंत लक्षावधी तरुणांना संघनिवडीचे ज्ञान आणि पैज यांतील भेद न कळेल अशी शिकवण मिळून चुकली होती. क्रीडावृत्ताच्या कार्यक्रमांनी या धोक्याविषयी किती वेळ दिला? ज्याच्या घरचे मीठ खावे त्याच्याविषयी बोलणे अवघड असते, हे आम्ही जाणतो. वृत्तपत्रेही जाहिरातींवर जगतात आणि या बाबतीत आमचा व्यवसाय सोवळा आहे असा दावा कोणी करू नये. तथापि, जाहिरात कोणती आणि बातमी कोणती हे वाचकाला ओळखता आले पाहिजे, एवढी मर्यादा तरी पाळावयास हवी.

स्पष्ट बोलणाऱ्या समालोचकाचे काय होते? हर्षा भोगले यांना २०१६ साली आयपीएलच्या समालोचनातून अचानक वगळण्यात आले. त्याचे कारण क्रिकेट मंडळाने जाहीरपणे सांगितले नाही. २०२० साली संजय मांजरेकर यांनाही मंडळाच्या समालोचकांतून दूर करण्यात आले. या दोघांचे प्रत्येक मत आम्हांस पटत होते असे नाही. परंतु जो मंडळाने आयोजिलेल्या खेळाविषयी बोलतो त्याला नेमणारे आणि काढणारे मंडळच असेल, तर प्रेक्षकाने त्याच्या शब्दांवर कितपत विसंबावे? २०२२ साली आयपीएलचे पाच वर्षांचे प्रक्षेपणहक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. त्या वेळी दूरचित्रवाणीचे हक्क एका कंपनीकडे आणि इंटरनेटचे दुसरीकडे होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या दोन्ही एकाच छत्राखाली आल्या. एवढी रक्कम मोजणारा व्यापारी आपल्या दुकानातील मालाला नावे ठेवू देईल, ही अपेक्षा भाबडेपणाची आहे. महिला पैलवान जानेवारी २०२३ मध्ये जंतरमंतरवर येऊन बसल्या आणि २८ मे रोजी पोलिसांनी त्यांना फरफटत नेले, तेव्हा राजकीय वार्ताहर तिथे पोहोचले होते. क्रीडावाहिन्यांना मात्र ती क्रीडावार्ता वाटली नाही.

आता ४ जूनविषयी. ३ जून २०२५ च्या रात्री अहमदाबादेत बंगळूरच्या संघाने पंजाबला ६ धावांनी हरवून अठरा वर्षांत प्रथमच आयपीएलचा चषक जिंकला. हुबळी-धारवाडातही रात्रभर फटाके वाजले. विराट कोहली याच्यावरचे प्रेम इथे भाषा विचारीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी विजययात्रा निघणार की नाही याविषयी गोंधळ होता. पोलिसांकडून ती नाही असे सांगितले गेले. दुपारी संघाच्या बाजूने ती आहे असा संदेश समाजमाध्यमांवर आला. अशा वेळी वृत्तवाहिनीचे पहिले कर्तव्य कोणते? यात्रा आहे की नाही, प्रवेशिका कोठे मिळतात, मैदानात जागा किती, कोणते दरवाजे उघडे आहेत हे खात्री करून पुनःपुन्हा सांगणे. सुमारे ३५ हजार आसनांच्या मैदानाकडे दोन ते तीन लाख लोक आले, असे मुख्यमंत्र्यांनीच नंतर सांगितले. पडद्यावर मात्र विमानतळ होता, बस होती, खेळाडूंचे हात हलत होते आणि ‘ऐतिहासिक क्षण’ या दोन शब्दांचा जप चालला होता. बघणाऱ्या प्रत्येकाला वाटावे की आपण तिथे नाही म्हणजे आपण जगातच नाही. दरवाजांशी माणसे चिरडली जात असताना आत सत्कार सुरू होता आणि त्याचे थेट चित्रण घरोघर दिसत होते. मृतांत बहुतेक तरुण होते.

गर्दीची जबाबदारी कोणाची याचा निर्णय चौकशी आणि न्यायालये यांनी करावयाचा आहे, वाहिन्यांच्या माथी ती मारण्याचा आमचा हेतू नाही. आमचा प्रश्न मर्यादित आहे: त्या दुपारी ज्याच्या हाती कॅमेरा होता त्याला दरवाजावरची गर्दी दिसत होती की नव्हती? दिसत असेल तर ‘येऊ नका’ हे दोन शब्द उच्चारण्यास काय अडचण होती? आमच्या एका पत्रलेखकाचा पुतण्या त्या दिवशी बंगळुरात होता आणि गर्दी पाहून परतला. ‘बातम्यांत जे दिसत होते ते बघून आम्ही निघालो आणि तिथे जे होते ते बातम्यांत नव्हते,’ असे त्याचे शब्द पत्रात उद्धृत केले आहेत. क्रीडावृत्ताच्या गुणवत्तेविषयी याहून नेमके मत आमच्या वाचनात आले नाही.

सर्वच वाचक असे नाराज आहेत असे मात्र नव्हे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची जी थोडी पत्रे आहेत त्यांत निराळा सूर आहे. त्यांचे म्हणणे असे की, तुम्ही जुनी माणसे शांततेचे कौतुक करता, पण दूरदर्शनच्या काळी एकच वाहिनी होती, सामना ऐन रंगात असता बातम्यांची वेळ होई आणि प्रक्षेपण तुटे. तेव्हा कोठे गेला होता तुमचा रसिकपणा? हा टोला बिनतोड आहे. चेंडूचा मार्ग रेषेने दाखविणारे तंत्र, मंद गतीतील पुनर्दर्शन, यष्ट्यांतील कॅमेरा यांनी सामान्य प्रेक्षकाला पंचाच्या शेजारी नेऊन उभे केले, हे खरेच आहे. २०२३ पासून आयपीएलचे समालोचन इंटरनेटवर बारा भाषांत मिळू लागले. त्यांत मराठीही आहे आणि कन्नडही. २०१४ पासून प्रो कबड्डीने एका देशी खेळाला संध्याकाळची हक्काची वेळ मिळवून दिली. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला, तेव्हा सांगलीच्या स्मृती मानधनाचा खेळ ज्या बारकाईने दाखविला गेला तो वीस वर्षांपूर्वी स्वप्नातही आला नसता. साधनांविषयी आमची तक्रार नाहीच. स्वयंपाकघर भांड्यांनी भरलेले आहे. पण ताटात काही पडत नाही, ही तक्रार आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, पुरुष आणि महिला दोन्ही गटांत भारताने नेपाळला हरविले. दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, मराठी. दोन दिवस बातमी झाली आणि संपली. पोल डाइव्ह कशी मारतात हे या मुलांना कॅमेऱ्यापुढे पुन्हा एकदा करून दाखवावयास कोणी सांगितले असते तर शाळाशाळांतून ती पाहिली गेली असती.

मग करावे काय? ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंगाल क्रिकेट संघटनेच्या प्रकरणात, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा दिला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी त्या निकालात प्रेक्षकाच्या माहिती मिळविण्याच्या हक्काची जी मांडणी केली ती आज पुन्हा वाचण्यासारखी आहे. त्या खटल्यामुळे सरकारी मक्तेदारी गेली. तिच्या जागी खाजगी मक्तेदारी बसविणे हा काही न्यायालयाचा हेतू नव्हता. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांची दृश्ये प्रसारभारतीला देणे बंधनकारक झाले. परंतु २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दृश्ये केवळ दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपणापुरतीच राहतील, खाजगी केबलवरून जाणार नाहीत, असा अर्थ लावला. परिणामी, ज्याच्या घरी केबल आहे त्याला दूरदर्शनची वाहिनी दिसते आणि नेमका सामना दिसत नाही. संसदेने मनात आणले तर एका दुरुस्तीने हा प्रश्न सुटेल. त्याच दुरुस्तीत सामना संपल्यानंतर सर्व वृत्तवाहिन्यांना पुरेशी दृश्ये वाजवी दरात मिळावीत अशी तरतूद घालता येईल. म्हणजे ज्वाळा आणि चौकटी यांची गरज निदान अर्ध्याने कमी होईल. समालोचकांच्या नेमणुका मंडळाच्या हातून काढून प्रक्षेपणकर्त्याच्या हाती द्याव्यात आणि मंडळाशी करार असलेल्या माणसाचे नाव पडद्यावर येताना तसे लिहावे, ही मागणीही अवाजवी नाही.

या भागापुरते बोलावयाचे तर धारवाडात आकाशवाणीचे जुने केंद्र आहे, क्रीडा प्राधिकरणाचे प्रशिक्षण केंद्र आहे, हुबळीच्या राजनगरात रणजी सामने होणारे मैदान आहे आणि दोन्ही शहरांत तालमी व खो-खोची मैदाने आहेत. आकाशवाणीने आठवड्यातून एकदा, अर्धा तास, कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत या जिल्ह्याचे आणि शेजारच्या बेळगाव-गदगचे क्रीडावृत्त द्यावे, अशी सूचना आमच्या तीन-चार वाचकांनी केली आहे. त्यासाठी उपग्रह लागत नाही, कोट्यवधींचे हक्क विकत घ्यावे लागत नाहीत. खेळ जाणणारा एक माणूस आणि ध्वनिमुद्रक घेऊन मैदानावर जाण्याची त्याची तयारी एवढे पुरे आहे. ही पत्रे आम्ही केंद्राच्या प्रमुखांकडे पाठवीत आहोत. ज्या वाचकांस या सूचनेत भर घालावयाची असेल त्यांनी महिनाअखेरपर्यंत आम्हांस लिहावे. पत्र कोणत्या भाषेत असावे याचे बंधन नाही. खेळाचे आणि मैदानाचे नाव मात्र स्पष्ट असावे.